वाचक विचारतात : टॉमच्या घरातली बाई आणि बेटीचा झगा

प्रश्न : ‘टॉम अँड जेरी’च्या जुन्या भागांत फक्त पाय आणि एप्रन दिसणारी एक बाई असते. ती कुठे काळी, कुठे गोरी, आवाजही निरनिराळे. मूळ भाग ओळखायचा कसा?

उत्तर : मूळची ती कृष्णवर्णीयच. नाव मॅमी टू शूज, आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा. पहिला भाग फेब्रुवारी १९४० चा. त्याच महिन्यात ‘गॉन विथ द विंड’ चित्रपटातल्या मॅमी या मोलकरणीच्या भूमिकेसाठी कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल यांना ऑस्कर मिळालं, समारंभात बसवलं मात्र वेगळ्या टेबलावर. कार्टूनने साचा तोच उचलला : धिप्पाड देह, हातात झाडू, दक्षिण अमेरिकी संस्थानांतली बोली. वर चेहराही नाही. १९५२ नंतर ती नव्या भागांतून गेली.

१९६० च्या दशकात टीव्हीसाठी कार्टून दिग्दर्शक चक जोन्स यांच्या चमूने काही भागांत तिच्या जागी सडपातळ गोरी बाई काढली. तिला आयरिश ढंगाचा आवाज जून फोरे यांनी दिला. १९९० च्या दशकात चित्र मूळचंच ठेवून थिया विडाल यांचा सौम्य बोलीतला आवाज चढवला गेला.

ताडून पाहायला ‘सॅटर्डे इव्हनिंग पस’ (१९५०) घ्या. मूळ प्रतीत मॅमी नटूनथटून ब्रिज खेळायला क्लबात जाते आणि धावत घरी येताना क्षणभर तिचा चेहराही दिसतो. बदललेल्या प्रतीत तिथे नाचणारी गोरी तरुणी आहे. म्हणजे साचा पुसायला गेले आणि या बाईला घरकामापलीकडचं काही आयुष्य असलेलं दृश्यच पुसलं गेलं!

डब केलेल्या प्रतीत आवाजावर जाऊ नका, पाय बघा. दृश्याला लागलेली कात्री मात्र कानाला आधी कळते. स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत हालचालीशी पावलागणिक बांधलेलं असतं, त्यामुळे दृश्य कापलं की सूर मध्येच तुटतो. स्फोटानंतर विशेष लक्ष द्या. टॉमचं तोंड काळं होऊन कृष्णवर्णीयांची टवाळी व्हायची, ते विनोद टीव्हीवर बरेचदा कापले जात. धडाका झाला आणि लगेच पाठलाग सुरू झाला, तर मधलं काहीतरी गेलंय असा संशय घ्यावा.

प्रश्न : जुन्या कार्टूनमधल्या बेटी बूप या तरुणीचा झगा पुढे लांब का होतो?

उत्तर : पडद्यावर काय दाखवू नये हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता १९३० पासून कागदावर होतीच, जुलै १९३४ पासून तिची सक्ती झाली. मग बेटीची कार्टून काढणाऱ्या फ्लायशर स्टुडिओने तिचा गार्टर (मांडीवरचा पट्टा) काढला, गळा झाकला, झगा खाली आणला. नाइटक्लबातली बेटी घर, कुत्रा आणि ग्रॅम्पी आजोबा यांच्यात रमली. मालिका १९३९ मध्ये आटोपली. अगदी पहिल्या, १९३० च्या भागात तर ती कुत्रीच होती.

वर्ष छापलेलं नसेल तर ढोबळ खूण अशी : कुत्र्यासारखे लोंबते कान असतील तर १९३०-३१, गोल डूल आणि मांडीवर गार्टर असेल तर १९३२ ते १९३४, गळ्यापर्यंत झाकलेला पोशाख त्यानंतरचा. बदल टप्प्याटप्प्याने झाला, त्यामुळे १९३४ च्या आसपास ही खूण फसू शकते.