जनाबाईवरची कादंबरी आणि प्रस्तावनेतली ती पोथी

पोरी,

तुझी कादंबरी रात्री एका बैठकीत वाचून काढली. पंढरपुरात जात्यापाशी बसलेल्या जनाबाईला गंगाखेडची गंगा आठवती ते पान लै भारी झालंय, डोळे भरून आले, कुणी काही म्हणलं तरी ते काढू नको.

आता तुझा प्रश्न. गावातले महाराज म्हणले संतांवर मनचं लिहिणं पाप आहे, आणि तू चिडून विचारायलीस की कादंबरीच आहे ना मग काहून एवढं. संतांवर कल्पना करूच नये हे मला पटत नाही. जनाबाईचं आपल्याला कळतं ते किती, तर गंगाखेडचा जन्म, नामदेवांच्या घरचं दासीपण आणि अभंग, बाकी भाविकांनीच विणत नेलंय, अन् विठ्ठल दळू लागला हे आपल्या बाया पिढ्यान् पिढ्या जात्यावर गात आल्या, त्यात कुणी कुणाला फसवलं नाही.

पण तू प्रस्तावनेत लिहिलंस की एक जुनी पोथी सापडली आणि जनीच्या लग्नाची गोष्ट त्यात आहे. फोनवर विचारलं पोथी कुठंय, तर म्हणलीस तीबी कल्पनाच. तिथं महाराजांचा राग मला खरा वाटतो गं.

'दा विंची कोड' ही इंग्रजी कादंबरी आठव, 2003 ची. येशूचं लग्न झालं होतं ही त्यातली गोष्ट चर्चला खुपलीच, पण सुरुवातीलाच एका पानावर 'सत्य' असं लिहून गुप्त संघटना, कागदपत्रं खरी आहेत असं सांगितलं होतं. ती संघटना म्हणजे 1956 साली फ्रान्समधे पिएर प्लांतार नावाच्या माणसानं नोंदवलेली, अन् तिचा जुनेपणा दाखवणारे कागद बनावट, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवलेले. लाखो लोकांनी ते इतिहास म्हणून वाचलं.

आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माळकरी बाईनं मला एकदा एका कादंबरीतला प्रसंग सांगून विचारलं, सर, हे खरंच झालतं का हो? मी नाही म्हणलं, तर म्हणल्या, मग छापलं कशाला. अजून आठवतंय मला ते.

आणि आपल्याकडं तर याची शिस्त 13व्या शतकापासून आहे. म्हाइंभटानं महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आठवणी, गोळा केल्या त्या ज्यांनी बघितल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून, आणि महानुभावांनी पुढं कुणाचा पाठ वेगळा आहे तेबी लिहून ठेवलं. श्रद्धा होती म्हणूनच एवढी काळजी.

हां, दडपणाची बाजू मी घेत नाही. आनंद यादवांना तुकोबांवरच्या कादंबरीपायी 2009 च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सोडावं लागलं, ते मला आजबी लागतं. लिहिणाऱ्याला धमकावून संत मोठे होत नसतेत. तुला कुणी धमकी दिली तर आधी मला फोन कर.

पोथी तेवढी काढ. लग्नाचा भाग ठेव, पण तो तुझ्या मनातला आहे हे पहिल्याच पानावर साध्या मराठीत लिही, अन् कुठले अभंग घेतले, कुठल्या गाथेतून, तेबी शेवटी दे. मग महाराजांकडं स्वतः जा, जात्याचं पान त्यांना वाचून दाखव. मी येतो सोबत, रविवारी सकाळची अंबाजोगाईहून गंगाखेडची गाडी धरतो.

तुझे सर