फोर्टमधल्या हेरिटेज इमारतीत दुकान घेतलंय. कमान दहा फुटांची, पण मला बारा फुटी एलईडी पाटी हवी आहे. नियम काय आहेत?

कमानीवर ठोकणार असाल तर नका लावू. परवानगी मिळेल की नाही हा नंतरचा प्रश्न. तुमचं दुकान दादाभाई नौरोजी रोडवर आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याच रस्त्यावर आमचं रबरी शिक्क्यांचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे, बाबांच्या मागे मी चालवते. म्हणून लिहायला बसले.

बाबांची पाटी लाकडाची होती, कमानीच्या आत, दोन खांबांच्या मध्ये बसवलेली. पेंटरने खडू लावलेली दोरी फळीवर ताणून सोडली की सरळ पांढरी रेघ उमटायची, त्यावर अक्षरं. ‘शिक्के’मधलं जोडाक्षर बाबांनी तीनदा पुसून पुन्हा काढायला लावलं होतं. आयुष्य अक्षरं कोरण्यात गेलेला माणूस, चुकीचं वळण त्यांना सहनच व्हायचं नाही.

मग पेनाच्या एका कंपनीने फुकट ग्लोसाइन, म्हणजे आतून दिवे असलेला बोर्ड, देऊ केला. अर्ध्या पाटीवर त्यांचं पेन, उरलेल्या अर्ध्यात आमचं नाव. दादा हट्टाला पेटला. बाबा गावी गेले होते तेवढ्यात त्याने माणसं बोलावली. लोखंडी अँगल दगडाला सपाट बसेना, म्हणून त्यांनी कमानीवरची पानांची नक्षी छिन्नीने उडवली. हातभर जागा, सात-आठ पानं. मी समोर उभी होते आणि मला थांबवता आलं नाही. बाबा परत आले, वर बघितलं आणि न बोलता आत जाऊन बसले.

चार पावसाळ्यांत बोल्ट गंजले. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाला आतून फोडतं. एका दुपारी तळहाताएवढी कपची फुटपाथवर पडली. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. फुकटच्या पाटीपायी दगडाच्या दुरुस्तीचा खर्च आम्ही केला, कंपनीने नाही.

दादा अजूनही म्हणतो, मोठ्या पाटीशिवाय गिऱ्हाईक येत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जुन्या इमारतींचं जतन करणाऱ्या आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यावरच्या पाट्यांचा अभ्यास केला आणि त्यानंतर कितीतरी दुकानांनी आपल्या पाट्या कमानीच्या मापात आणल्या. आम्हीही आणली. दुकान आजही चालू आहे. शिक्का करून घ्यायला येणारा माणूस पाटीची लांबी मोजत नाही. १८९६ च्या नियमांनी या रस्त्याला पायी चालणाऱ्यांसाठी सलग कमानी ठेवायला लावल्या. त्या सलग कमानींवर एकाने बारा फुटी पाटी लावली की शेजारी चौदा फुटी लावतो आणि मग कोणाचंच नाव वाचता येत नाही.

दादाचा नवा मुद्दा म्हणजे मराठी पाटीचा कायदा. २०२२ च्या दुरुस्तीपासून लहान दुकानांनाही देवनागरी नाव सक्तीचं झालं, आणि ते इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदतही दिली होती. दादा म्हणतो, दोन भाषा घालायच्या तर पाटी कमानीबाहेर जाणारच. अजिबात नाही. मोबाइल नंबर, कंपन्यांची चिन्हं, विकायच्या मालाची यादी काढून टाका. दहा फुटांत मराठी नाव ठसठशीत बसतं, खाली इंग्रजीही मावतं. आमचं बसलंय.

आता तुमचा प्रश्न. १९९५ च्या हेरिटेज नियमावलीपासून इमारतींच्या श्रेण्या आहेत: एक, दोन-अ, दोन-ब, तीन. तुमची इमारत कुठल्या श्रेणीत आहे ते यादीत आधी बघा. दर्शनी भागाला हात लावायचा तर हेरिटेज समितीचा विषय येतो, आणि दिव्याच्या पाटीला महापालिकेचं लायसन्स लागतं. महापालिकेच्या ए वॉर्ड ऑफिसात लेखी विचारा, तोंडी ‘चालेल’ धरून चालू नका. मालकाची संमतीही लेखी घ्या. आमच्या लाकडी पाटीवर वरून एक पिवळा दिवा सोडलाय, रात्री नाव नीट दिसतं. पण तुमच्या श्रेणीला दिवा कसा चालेल ते समितीकडूनच कळेल. मी आर्किटेक्ट नाही.

आणि कोणी फुकट बोर्ड देऊ केला, तर अँगल कुठे ठोकणार हे आधी विचारा. आमच्या कमानीवरची ती पानं परत कोरून घेता आलेली नाहीत.