सहलीला निघालेली चित्रवही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची सहल अजिंठ्याला जाणार आहे. मला तिथे चित्रे काढायची आहेत, पण सर म्हणतात की सगळी लेणी अडीच तासांत उरकायची. आत अंधार असतो असेही ऐकते. जलरंग न्यावेत का?
– इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : रंग घरीच ठेव. ओल्या चुन्यात रंग मुरवण्याची पद्धत वेगळी. अजिंठ्याची चित्रे तशी नाहीत. भाताचा तूस आणि झाडपाल्याचे तंतू घालून मळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. त्यामुळे ओल, धूळ, हाताचा घाम यांतले काहीच त्यांना सोसत नाही. पूर्वी नकला उतरवणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून व्हार्निश फासले, तेही पुढे पिवळे पडले. तिथे पाण्याची वाटी घेऊन बसणे बरे नव्हे.

कडक पुठ्ठ्याची लहान वही, टोक केलेल्या दोन 2बी आणि दोन 4बी पेन्सिली आणि पाने धरायला एक क्लिप, एवढे पुरे. पेन्सिलीला टोक घरूनच करून ने, म्हणजे आत कचरा होत नाही. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे काढावी लागतात. लेस बांधण्यात प्रत्येक वेळी मिनिटे जातात, तेव्हा साध्या चपला घाल.

तीसच्या तीस लेणी अडीच तासांत म्हणजे एकेकाला पाच मिनिटे, तीही चालणे धरून. त्यापेक्षा 1, 10, 17 आणि 26 ही चारच नीट बघ. सगळा घोळका आधी पहिल्यातच शिरतो. सरांची परवानगी असेल तर चार-पाच जणींनी एका शिक्षकांबरोबर दहाव्यापासून सुरुवात करा आणि पहिले परतताना पाहा.

अंधाराचे म्हणशील, तर लख्ख उन्हातून आत गेल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे भिंत नुसती काळपट दिसते. बरीच मुले तेवढ्यात ‘काही नाही इथे’ म्हणून बाहेर पडतात. दहा मिनिटे थांबलीस तर आधी चेहरे, मग दागिने, मग मागची पाने दिसू लागतात. मध्येच मोबाइलचा उजळ पडदा पाहिलास की डोळ्यांची तयारी पुन्हा पहिल्यापासून. फ्लॅशला तर बंदीच आहे.

पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, काढताना मुकुटापासून सुरुवात करू नको. मुकुटातच निम्मे पान संपते आणि हातातल्या कमळाला जागा उरत नाही. आधी डोक्यापासून कमरेपर्यंत एकच वळणदार रेघ ओढ. तो त्रिभंग आहे, मान, कंबर आणि गुडघा तिन्ही ठिकाणी शरीर मोडते. मग खांद्यांचा उतार, मग कमरेचा. हे दोन उतार समांतर आले तर पुतळा कवायतीला उभा राहिल्यासारखा दिसतो. चेहरा सर्वांत शेवटी. पापण्या खाली झुकलेल्या आहेत. डोळे टक्क उघडे काढलेस की सगळा भाव गेलाच. पाच मिनिटांत थांब. बाहेर येऊन पुढचे पान उघड आणि तेच चित्र न बघता काढ. कुठे अडते ते तिथेच कळते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राला याहून चांगला सराव नाही.

प्रश्न : सहलीनंतर मुलांकडून निबंध लिहून घेतो. साठ वह्यांत एकच निबंध असतो : ‘आम्ही पहाटे पाच वाजता निघालो.’ काय करावे?
– मराठीचे शिक्षक, सातारा

उत्तर : सर, विषय परतल्यावर दिला की असेच होणार. आठवत काही नसते, म्हणून मुले वेळापत्रक लिहितात. बसमध्येच प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा एक कागद द्या. त्यावर जागेवरच तीन नोंदी करायच्या : हाताला किंवा पायाला जाणवलेली एक गोष्ट, ऐकलेले एक वाक्य जसेच्या तसे, आणि न समजलेली एक गोष्ट. तिसरी नोंद सोडू देऊ नका, चांगले निबंध बहुधा तिथूनच निघतात. ‘छतावर एवढी फळे-फुले का काढली?’ हा प्रश्न ‘निसर्गरम्य परिसर’पेक्षा कितीतरी जिवंत आहे.

लेखन दुसऱ्याच दिवशी, अडीचशे शब्दांत. लिहून झाल्यावर प्रत्येकाने पहिली दोन वाक्ये खोडायची. दहांतल्या सात वेळा निबंध तिसऱ्या वाक्यापासूनच सुरू झालेला असतो. ‘अविस्मरणीय’ आणि ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ यांना वर्षभर सुट्टी द्या. शुद्धलेखन मात्र पहिल्या खर्ड्यात तपासू नका. लाल शाई दिसली की मुले पुन्हा सुरक्षित वाक्यांकडे वळतात.

प्रश्न : जाण्याआधी काय वाचावे?
– इयत्ता आठवी, लातूर

उत्तर : दोन-तीन जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, बस्स. छद्दंत जातक तर वाचच : सहा सुळ्यांचा हत्ती, मागल्या जन्मीचा राग धरून त्याचे सुळे मागवणारी राणी, आणि ते समोर आल्यावर दुःखाने तिचाच अंत. ही कथा 10 क्रमांकाच्या लेण्यात आहे आणि कित्येक शतकांनंतरच्या 17 मध्येही. दोन्ही पाहून तुलना कर. एक सावधगिरी : चित्रकथेच्या पुस्तकासारखे डावीकडून उजवीकडे वाचू नको. पुष्कळदा प्रसंग काळाच्या क्रमाने नसतात, ठिकाणाप्रमाणे एकत्र केलेले असतात. राजवाड्यातले एकीकडे, अरण्यातले दुसरीकडे. म्हणून तीच व्यक्ती एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटते.

प्रश्न : फोटो असताना चित्र कशाला काढायचे?
– इयत्ता दहावी, पुणे

उत्तर : फोटो एका सेकंदात होतो, म्हणून आपण पाहतोही सेकंदभरच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली 1872 पासून 1885 पर्यंत या भिंतींच्या नकला उतरवल्या. त्यांतल्या बऱ्याच पुढे लंडनमधल्या आगीत जळाल्या. ज्या उरल्या, त्यांच्यावरून आज भिंतीवर झडून गेलेला भाग कसा होता ते कळते.

प्रश्न : सहल सोमवारी ठेवली तर गर्दी कमी मिळेल ना?
– पालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : गर्दी मुळीच मिळणार नाही, कारण सोमवारी अजिंठा बंद असतो. वेरूळ मंगळवारी. दोन्ही करायची असतील तर बुधवार-गुरुवार धरा.