पोरं परदेशात, उपासना कुणाच्या चर्चमध्ये? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी मिरजेत नर्सिंग करून इंग्लंडला गेली, आता तिथल्या सरकारी हॉस्पिटलात आहे. लहानपणापासून उपासना संगीत (आपलं गीतांचं पुस्तक) हातात घेऊन पुढच्या बाकावर बसणारी पोरगी. तिथे घराजवळ जुनं दगडी अँग्लिकन चर्च आहे, पंधरा-वीस म्हातारी माणसं असतात, चहा-बिस्किट देतात, हवापाण्याचं बोलतात आणि संपलं. आता ती नायजेरियन लोकांच्या मंडळीत जायला लागलीय, तीन-तीन तास भक्ती, ड्रम, नाचणं, मोठमोठ्यानं प्रार्थना. जावई म्हणतात हे आपलं नव्हे. मला तर झोप नाही. पोरगी भलत्या मार्गाला तर लागणार नाही ना? (एक आई, मिरज)

उत्तर : ताई, सलाम. बारा-बारा तासांच्या नाईट करून पोरगी रविवारी उठून चर्चला जाते आणि आपण इथे काळजी कसली करतोय, तर ड्रम वाजतो म्हणून. जावईबापूंना एकदा विचारा तरी, त्यांच्याकडे दुसरं काय आहे? मोबाईलवर मिरजेची उपासना बघायची म्हटली तर आपले सकाळचे साडेनऊ म्हणजे त्यांच्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे पाच आणि थंडीत चार, कोण उठतंय.

इंग्लंडात ही आफ्रिकन, वेस्ट इंडियन चर्चेस मुळात आली कशी ते कळलं ना, की निम्मी भीती जाईल. १९४८ ला एम्पायर विंडरश नावाची बोट वेस्ट इंडीजची माणसं घेऊन लंडनजवळ टिलबरीला लागली, आणि मग वर्षानुवर्षं लोक येतच राहिले. त्यातले कितीतरी जन्मापासून अँग्लिकन, म्हणजे त्याच चर्चचे, हौसेनं कपडेबिपडे करून पहिल्याच रविवारी गेले तर गोऱ्या मंडळीनं तोंड फिरवलं, काहींना तर पाळकानंच दारात गाठून सांगितलं की पुढच्या वेळी नाही आलात तर बरं, आमच्या लोकांना चालत नाही. मग काय करतील बिचारे, भाड्याच्या खोलीत प्रार्थना सुरू केल्या, खोली पुरेना तेव्हा शाळेचा हॉल घेतला, असं करत करत स्वतःच्या मंडळ्या झाल्या. चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे याच अँग्लिकन चर्चच्या, जनरल सिनडनं (त्यांच्या सर्वोच्च सभेनं) याची माफी मागितली कधी, तर २०२० च्या फेब्रुवारीत! नायजेरियन लोक पुढे आले ते आपली चर्चेस सोबत घेऊनच आले. रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉड १९५२ ला नायजेरियात सुरू झालं, आज ब्रिटनमध्ये त्याच्या शेकडो मंडळ्या आहेत.

आणि तीन तासांचं म्हणाल तर मला त्यात नवल वाटत नाही. आठवडाभर ज्याचं नावसुद्धा कुणाला नीट घेता येत नाही, नाताळची रात्रपाळी नेमकी ज्याच्या नावावर लागते, तो माणूस रविवारी तासाभरात उठून घरी कसा जाईल? भक्ती झाली की तिथेच जेवण, तिथेच कुणाकडे खोली रिकामी आहे, व्हिसाचा फॉर्म कुठे अडकतो, कुणी बाळंत झालीय तर डबा कोण नेणार, सगळं तिथेच ठरतं. गावाकडे जे काम भावकी, शेजार आणि महिला मंडळ मिळून करतं ते तिथे एकट्या चर्चला करावं लागतं, म्हणून ते लांबतं.

मल्याळी लोकांचं बघा. प्रेस्टन शहरात सेंट इग्नेशियस नावाचं जुनं कॅथलिक चर्च माणसंच उरली नाहीत म्हणून २०१४ ला बंद पडलं, ते केरळच्या सिरो-मलबार, म्हणजे तिकडच्या जुन्या कॅथलिक पंथाच्या लोकांना मिळालं, आणि २०१६ ला त्यांचा ग्रेट ब्रिटनसाठी वेगळा धर्मप्रांत झाला तेव्हा तेच त्यांचं कॅथेड्रल झालं. कुलूप लागलेल्या चर्चमध्ये परत पोरांचा गोंगाट, तोही आपल्यासारख्याच नर्सबायांच्या घरच्या पोरांचा.

'आपलं नव्हे' याबद्दल मात्र थोडं बोलते. मिरजेत १८९४ ला हॉस्पिटल काढणारे वॉनलेस डॉक्टर कॅनडाचे, त्यांचं मिशन अमेरिकेचं, आपल्या चर्चमधले बाक, ऑर्गन, पाळकांचा झगा हे सगळं बोटीनं आलेलं. पलीकडे सातारला ना. वा. टिळकांनी १९१७ ला 'देवाचा दरबार' काढला तो का, तर ख्रिस्ताची भक्ती इथल्या माणसाच्या वळणानं व्हावी म्हणून. त्यांचे अभंग-भजनं आज आपण डोळे मिटून म्हणतो, पण तेव्हा नाकं मुरडणारे नसतील असं वाटतं का तुम्हाला? मला नाही वाटत.

तरी आईची काळजी अगदी फुकट नाही, बघायचंच असेल तर ड्रमकडे नको, दुसरीकडे बघा. पगारावर डोळा ठेवून दशांशासाठी (कमाईचा दहावा भाग चर्चला) कोणी मागे लागतंय का? औषध बंद कर, विश्वास ठेव असं कोणी सांगतंय का (नर्सला असं सांगणारा धन्यच म्हणायचा), लग्न, घर, नोकरी सगळं पास्टरला विचारूनच करायचं असं आहे का? यातलं काही असेल तर तिला सरळ बाहेर पडायला सांगा, चर्च काळ्यांचं असो, गोऱ्यांचं असो की मराठी माणसांचं. नसेल तर जाऊ दे की. आणि ते दगडी चर्चही एकदम सोडू नको म्हणावं. महिन्यातून एकदा जा आणि तोंड उघडून विचार, मला शास्त्रवाचन द्याल का, रुग्णांसाठीची प्रार्थना मी करू का. हो म्हणाले तर त्यांनी तिला आपली मानली, आणि नुसतंच परत बिस्किट पुढे केलं तर पाहुणी ती पाहुणीच.

प्रश्न : भाऊ दुबईला एसी मेकॅनिक म्हणून चाललाय. तिथे उपासनेला बंदी आहे म्हणतात, खरं का? बायबल नेऊ का विचारतोय. (सातारा)

उत्तर : दुबईत बंदी नाही. औद मेथा भागात सेंट मेरीज चर्च १९६७ पासून आहे, जागा तिथल्या शासकानंच दिलेली, शेजारी होली ट्रिनिटी, तिथे एकाच आवारात कितीतरी देशांच्या नि भाषांच्या मंडळ्या तासांची वाटणी करून भक्ती करतात, आणि जेबेल अलीकडे चर्चेसचा वेगळा परिसरच आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस अबू धाबीला आले तेव्हा स्टेडियममधल्या मिस्साला (कॅथलिक उपासनेला) लाखाच्या वर माणूस होता, बहुतेक आपल्यासारखीच कामाला आलेली माणसं. स्वतःपुरतं बायबल न्यायला हरकत नाही, पण वाटायला गठ्ठे नेऊ नको म्हणावं, धर्मप्रचाराला तिथे कायद्यानं मनाई आहे, आणि लेबर कॅम्पच्या खोलीत परवानगीशिवाय मोठी प्रार्थनासभा भरवायच्या भानगडीत तर पडूच नये.

वाराचा घोळ होतो तो असा, की पूर्वी सुट्टी शुक्रवारची म्हणून मुख्य भक्ती शुक्रवारी व्हायची, २०२२ च्या जानेवारीपासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली, पण खासगी कंपन्यांचं आपापलं असतं, तर आधी त्यानं स्वतःचा सुट्टीचा वार बघावा. कुवेत-कतारला अजून शुक्रवारच. सौदीत मात्र चर्चच नाही, तिकडची ऑफर आली तर हे धरून चालायचं. मराठी उपासना मिळेलच असं नाही, हिंदी किंवा उर्दूची गाठावी.

प्रश्न : नात अमेरिकेत, प्रभूची प्रार्थना मराठीत येत नाही. सून म्हणते इंग्लिशमध्ये येते ना. (आजोबा, कराड)

उत्तर : येते ना आजोबा! कोरियन लोकांनी अमेरिकेत गल्लोगल्ली चर्चेस काढली, भाषा जिवापाड जपली, आणि त्यांचीच मोठी झालेली पोरं चुपचाप बाहेर पडायला लागली, कारण उपदेश आईबापांच्या भाषेत आणि डोक्यात विचार इंग्लिशमध्ये. मग मोठ्या चर्चेसनी पोरांसाठी त्याच इमारतीत इंग्लिश उपासना सुरू केल्या. नातीला तुम्ही व्हिडीओ कॉलवर एक मराठी गीत शिकवा, तेही टाळ्या वाजवायचं असलेलं, तेवढं बास.

प्रश्न : आमच्या मंडळीत कुपवाड एमआयडीसीत काम करणारी झारखंडची काही पोरं यायला लागलीत. मागे बसतात, मराठी समजत नाही. त्यांना दुपारी हॉल द्यावा, वेगळी भक्ती करू दे, असं कमिटीत काहींचं म्हणणं, भाडं किती घ्यायचं यावर वाद चाललाय. (पंच कमिटी सदस्य, सांगली)

उत्तर : भाडं?! दादा, वर मिरजेच्या ताईंचं पत्र वाचा, तिची लेक तिकडे जे भोगतेय तेच आपण इथे करायला निघालोय, त्यांनी निदान चहा-बिस्किट तरी दिलं, आपण तेही नाही. ही पोरं नवशिकी समजू नका. गॉसनर मिशनचे जर्मन मिशनरी रांचीला पोचले १८४५ ला, म्हणजे बऱ्याच घरांत चर्च पिढ्यानपिढ्यांचं आहे. त्यांच्याकडची माणसं मजुरीला आसामच्या चहामळ्यात गेली, अंदमानला गेली, आणि जाईल तिथे त्यांनी चर्च उभं केलं. मांदर वाजवून गातात तेव्हा ऐका एकदा.

त्यांच्या भाषेत वेगळी भक्ती हवी असेल तर हॉल द्या की, पण मागणी त्यांच्याकडून येऊ दे, तुम्ही वाट लावून देऊ नका. रविवारच्या उपासनेत एक गीत त्यांचं ठेवा, एक शास्त्रवाचन हिंदीतून होऊ दे, दानाची थैली फिरवायला त्यांच्यातला एक उभा करा, आणि आजारी पडला तर दवाखान्यात सोबत कोण जाणार ते तरुण संघानं आधीच ठरवून ठेवावं, कारण ठेकेदार येत नसतो. वर्षभरानं कमिटीत त्यांचा एक माणूस घ्या, मताच्या हक्कासकट. बैठकीची वेळ मात्र बदलावी लागेल, दुपारी चारला ठेवलीत तर सेकंड शिफ्टवाला येणार कसा.