माथेरानची सामूहिक पदभ्रमंती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेतील 28 जणांनी डिसेंबरमध्ये एक दिवस माथेरानला पायी फिरण्याचे ठरवले आहे. सर्वांत लहान मुलगा 10 वर्षांचा, तर सर्वांत ज्येष्ठ सभासद 72 वर्षांचे आहेत. सकाळी नेरळला उतरून संध्याकाळपर्यंत किमान 15 पॉइंट पाहावेत, असा आमचा बेत आहे. तो योग्य आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : डिसेंबर महिना आपण उत्तम निवडला आहे, मात्र 15 पॉइंटांचा बेत सोडावा, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. इतके पॉइंट एका दिवसात गाठायचे म्हणजे पुढच्यांनी धावायचे आणि मागच्यांनी धापा टाकायच्या, आणि तुमच्या संस्थेतील ज्या ज्येष्ठांसाठी ही सहल खरी आनंदाची व्हावी, त्यांनाच दिवसभर आपल्यामुळे सगळे खोळंबले असे वाटत राहायचे. समूहाची चाल नेहमी सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलांवर ठरवावी. हे एक तत्त्व पाळले, तर बाकीचे नियोजन बरेच सोपे होते.

माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे आणि 2003 पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेला आहे. नेरळहून टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच येते. तेथे नगरपरिषदेचा प्रवासी कर भरून पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर चालावे लागते. पॉइंट पाहण्याआधीच ही चाल होते आणि परतताना दमलेल्या पायांनी ती पुन्हा करायची असते, याचा विसर आयोजकांना हमखास पडतो. ज्येष्ठांसाठी दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकातून माथेरान स्थानकापर्यंतची शटल गाडी उपयोगी पडते. ई-रिक्षाही आहेत, पण 28 जणांनी त्यांच्या भरवशावर वेळापत्रक आखू नये. नेरळहून सुटणाऱ्या छोट्या गाडीची जागा मर्यादित असते, म्हणून तिचा प्रवास स्वतंत्र कौटुंबिक सहलीसाठी राखून ठेवणे बरे. आदमजी पीरभॉय घराण्याने उभारलेला आणि 1907 मध्ये सुरू झालेला हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग घाईत उरकण्याजोगा नाही.

आमच्या मते एका दिवसासाठी पश्चिम कड्याची फेरी सर्वांत समाधान देणारी आहे. बाजारपेठेतून शार्लोट तलावाकडे उतरावे, पिसारनाथाचे दर्शन घ्यावे, जवळच्या लॉर्ड पॉइंटवर थांबावे आणि मग कड्याच्या कडेने एको पॉइंटवरून लुईझा पॉइंटला जाऊन बाजारात परतावे. लुईझावरून समोर प्रबळगडाचा पसारा दिसतो. तेथे अर्धा तास तरी बसावे. वाटेचा बराच भाग जांभूळ, हिरडा, अंजन अशा झाडांच्या सावलीत आहे. पुढचे गट गप्पांचा आवाज जरा कमी ठेवतील, तर मागच्यांनाही फांद्यांवरचा शेकरू दिसण्याची शक्यता वाढते. शार्लोट तलाव हा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे, म्हणून त्यात हातपाय धुणे किंवा मुलांना उतरू देणे कटाक्षाने टाळावे. दस्तुरीपासून दस्तुरीपर्यंत ही सारी चाल दहा किलोमीटरच्या पुढे जाते आणि ज्यांना रोजच्या चालण्याची सवय नाही, त्यांच्यासाठी ती पुरेशी आहे.

उत्तरेकडचा पॅनोरमा पॉइंट सूर्योदयासाठी आणि पश्चिमेचा पॉर्क्युपाइन पॉइंट सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे. परंतु डोंबिवलीहून सकाळी निघून सूर्योदय गाठता येत नाही, आणि सूर्यास्त पाहिल्यावर दाट झाडीतल्या काळोखातून सर्वांना दस्तुरीपर्यंत आणावे लागते. मुले आणि ज्येष्ठ सोबत असताना हा धोका पत्करू नये. मुक्काम करणार असाल, तरच हे दोन्ही पॉइंट बेतात घ्यावेत.

28 जणांचे तीन गट करावेत आणि प्रत्येक गटात वाट माहीत असलेला एक जण पुढे, तर एक सशक्त व धीराचा माणूस शेवटी ठेवावा. शेवटच्या माणसाने कोणालाही मागे सोडून पुढे जायचे नाही आणि पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबून आपल्या गटाची मोजदाद झाल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही. माथेरानच्या लाल वाटांना फाटे फार आहेत आणि झाडीत ते सारखेच दिसतात. घोडे येताना दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला उभे राहावे. खाऊ हातातल्या पिशवीत न ठेवता पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवावा, कारण माकडे पिशवी हिसकावतात आणि मुले घाबरून कड्याच्या दिशेने पळण्याची भीती असते. जांभ्याच्या बारीक खड्यांवरून पाय घसरतो, म्हणून चप्पल नको, खाचदार तळव्यांचे बूट हवेत. ज्येष्ठांची नेहमीची औषधे त्यांच्या स्वतःजवळच असावीत, आयोजकाच्या पिशवीत नकोत. दोन गटांमध्ये अंतर पडले की ती पिशवी कामाची राहत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात असाच गट नेता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नेता येईल, पण कड्याकडेच्या वाटा टाळून. जुलै-ऑगस्टमध्ये धुके इतके दाट असते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि कड्यांच्या कडा ठिसूळ होतात. नेरळ ते अमन लॉज ही गाडीही पावसाळ्यात बंद असते. अशा वेळी दस्तुरी ते बाजारपेठ आणि तेथून शार्लोट तलाव एवढीच रुंद, वर्दळीची वाट धरावी, आणि गटात दहाबारापेक्षा अधिक माणसे घेऊ नयेत.