वाचकांचे प्रश्न : उसाच्या ट्रॉलीला ट्रॅक्टर कोणता?

प्रश्न : माझ्याकडे ४५ एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे. फडातून भरलेली ट्रॉली काढताना मागची चाकं जागेवरच घुमतात. आता ६० एचपीचा घ्यावा म्हणतो. अडचण सुटेल का? — एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : नुसत्या एचपीनं सुटणार नाही. चाक घुमतं याचा अर्थ इंजिनात ताकद आहे, पण ती जमिनीला लागत नाही. हिशेब मांडून बघा. ट्रॉली आणि ऊस मिळून १० टन धरा. ओल्या काळ्या रानात ती हलवायला वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे १ टनाची ओढ लागते; चिखल असेल तर दीड टनाची. तुमच्या ट्रॅक्टरचं वजन साधारण २ टन, त्यातलं मागच्या चाकांवर १,३०० किलोच्या आसपास. अशा रानात चाकाला आपल्यावरच्या वजनाच्या ४० ते ५० टक्केच पकड मिळते. म्हणजे ओढ ५२० ते ६५० किलो. गरज हजाराची आणि मिळतात सहाशे! ६० एचपीच्या ट्रॅक्टरचा इथं काही उपयोग होतो तो त्याच्या जास्तीच्या वजनाचा, इंजिनाचा नव्हे.

म्हणून खरेदीआधी मागच्या टायरात पाणी भरून बघा. चाक जॅकवर उचला, व्हॉल्व्ह सगळ्यात वर येईल असं फिरवा, आतली पिन काढून पाणी सोडा. व्हॉल्व्हच्या पातळीला पाणी आलं की टायर तीन चतुर्थांश भरला. थांबा आणि उरलेल्या जागेत हवा भरा. काठोकाठ भरलं तर टायरला दबायला जागाच राहत नाही आणि तो दगडासारखा आदळतो. १४.९-२८ च्या टायरात सुमारे २०० लिटर मावतं, दोन्ही मिळून ४०० किलो. ओढ १६० ते २०० किलोनं वाढते, तीही जवळजवळ फुकटात.

एवढं करूनही पूर्ण भरलेली ट्रॉली ओल्या फडातून निघणार नाही, हे आधीच मान्य करा. फडात अर्धी भरा, उरलेल्या मोळ्या रस्त्याकडेच्या घट्ट जागेवर चढवा. ऊसतोडीची टोळी कुरकुर करते, पण क्लच प्लेट वाचते.

नवा घ्यायचाच असेल तर फोर-व्हील ड्राइव्ह बघा, कारण त्यात सगळंच वजन ओढीच्या कामाला येतं. सव्वादोन टनांचा असेल तर त्याच रानात साधारण १ टनाची ओढ मिळते. एचपीचा प्रश्न खरा येतो चढाला. एकूण १२ टन वजन शंभर फुटांना पाच फूट चढणाऱ्या डांबरी रस्त्यावर ओढायला चढासाठी ६०० आणि चाकांच्या घर्षणासाठी सुमारे ३००, अशी ९०० किलो ओढ लागते. ताशी १० किलोमीटरनं जायचं तर चाकापाशी ३३ एचपी हवी. गिअरबॉक्स आणि टायरांत वाया जाणारी ताकद धरली तर इंजिनाला ४१-४२. तुमचा ४५ चा तिथं काठावर चालेल. रोजच्या खेपेत चढ असेल तर ५० ते ५५ घ्या. त्याहून जास्त एचपीवर पैसे घालण्यापेक्षा ऑइल ब्रेक (तेलात बुडालेले ब्रेक), जड बांधणी आणि रुंद टायर यांवर घाला.

प्रश्न : मांजरसुंबा घाट उतरताना मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. ब्रेक नवे आहेत, तरी असं का? — एक वाचक, बीड

उत्तर : ब्रेक फक्त ट्रॅक्टरला आहेत, ट्रॉलीला नाहीत, म्हणून. २ टनांनी १० टन अडवायचे. वळणावर तोच धक्का हुकाला तिरका बसतो आणि ट्रॅक्टर आडवा होतो. उतार सुरू होण्याआधी थांबून, जो गिअर चढायला लागला असता तोच टाका. उतारावर क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर नाहीच. वेग वाढल्यावर गिअर बदलायला गेलात तर तो मध्येच अडकून गाडी मोकळी सुटते. दोन्ही ब्रेक पेडल कडीनं जोडलेली असू द्या. फोर-व्हील असेल तर उतारावर तो लावून ठेवा. बऱ्याच मॉडेलांत त्यामुळे मागचा ब्रेक पुढच्या चाकांनाही पोचतो. घाटात डबल ट्रॉली नकोच, एकेक न्या. ट्रॉलीला हायड्रॉलिक ब्रेक बसवून घेणं हा खरा उपाय.

ब्रेक सारखे लागतात का, ते सपाट कोरड्या रस्त्यावर ट्रॉली सोडून तपासा. ताशी १५ च्या वेगात दाबले की दोन्ही चाकांच्या खुणा सारख्या लांबीच्या उमटायला हव्यात.

प्रश्न : दोनचाकी ट्रॉली भरली की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. — एक वाचक, परळी

उत्तर : दोनचाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर येतोच, ऊस पुढं रचला की तो आणखी वाढतो. ढीग ट्रॉलीच्या धुरीच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या आसाच्या) जरासा पुढं ठेवा, फार नाही. मागं रचला तर उलट हुकच वर उचलला जातो आणि चाकं घुमतात. ट्रॅक्टरच्या पुढच्या धुरीवर त्याच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग लागत नाही. बंपरला वजनाच्या पाट्या लावा. हुक मागच्या धुरीच्या खालीच हवा. टॉप लिंकला (अवजार जोडायच्या मागच्या वरच्या दांड्याला) किंवा धुरीला साखळी बांधून ओढलं तर ट्रॅक्टर मागं उलटायला दोन सेकंदही पुरतात.

हुकाची पिन दर आठवड्याला काढून नखानं चाचपा. जिथं दांडी घासते तिथं नख अडकेल इतकी खाच पडली असेल तर त्याच दिवशी नवी घाला, आणि खालून लॉक पिन विसरू नका.