क्लासिकल आणि प्रोग रॉक एकत्र करायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही पियानोवर वेस्टर्न क्लासिकल शिकलात, बँड प्रोग रॉक (प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या बांधणीचं रॉक) वाजवतो, आणि दोन्ही एकत्र केलं की 'गाण्याला व्हायोलिन चिकटवल्यासारखं' वाटतं, असं म्हणता. मी कीबोर्ड वाजवतो. आमचंही बरेच दिवस अगदी हेच होत होतं.

माझ्या मते गोची वाद्यांची नाही. क्लासिकलकडून उसनं घ्यायचंच तर बांधणी घ्या. यस या बँडचं 'क्लोज टू द एज' (1972) ऐका. 18 मिनिटांहून मोठं गाणं, ऑर्केस्ट्रा कुठेच नाही. पण तीच धून रूप बदलून परत येते, मध्ये चर्च ऑर्गनवर सगळं संथ होतं आणि मग पुन्हा उसळतं. याउलट डीप पर्पल या रॉक बँडच्या कीबोर्डवादक जॉन लॉर्डनं 1969 मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँडसोबत अख्खा रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा उभा केला. धाडस मोठंच, पण मला त्यात बँड आणि ऑर्केस्ट्रा बराच वेळ आळीपाळीनं बोलताना ऐकू येतात.

सरावाला रशियन संगीतकार मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन'मधलं 'प्रॉमनाड' घ्या. मूळ रचना 1874 ची, पियानोसाठीच, म्हणजे तुमच्या हाताखालची. इमर्सन, लेक अँड पामर या प्रोग बँडनं 1971 च्या अल्बमवर ती रॉकमध्ये आणली. सुरुवातीला 5 आणि 6 मात्रा आलटूनपालटून येतात. आमच्या ड्रमरनं सवयीनं खाली 4 चा ठेका धरला आणि तिसऱ्या ओळीपर्यंत प्रत्येकाची सम वेगळी! शेवटी 11 मात्रांचं एकच आवर्तन मानलं, किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) फक्त पहिल्या आणि सहाव्या मात्रेवर, बाकी जागा मोकळी. गिटारवाला मोजायचं सोडून धून गुणगुणायला लागला, तेव्हा कुठे ते बसलं.

खरी व्हायोलिन, सेलो घेणार असाल तर गिटारला आवरा. सेलोचा सगळ्यात खालचा सूर साधारण 65 हर्ट्झचा, गिटारचा 82 चा. दोघं एकाच गल्लीत उभे. त्यात डिस्टॉर्शनवर (गिटारचा खरखरीत, फाटलेला आवाज) पूर्ण कॉर्ड वाजवली की नुसता चिखल. गिटारला षड्ज-पंचमावर ठेवा आणि गंधार सेलोला द्या. मेजर की मायनर हे मग सेलो ठरवतो, आणि तो आपोआप ऐकू येतो. आवाज वाढवून हे होत नाही, आम्ही करून पाहिलंय. (शेजाऱ्यांनीही ऐकलंय.)

सॅम्पल लायब्ररीतली (कीबोर्डवर वाजणारी, आधीच रेकॉर्ड केलेली) भरगच्च स्ट्रिंग्ज सध्या बाजूला ठेवा. जुन्या मेलोट्रॉनमध्ये, म्हणजे टेपवर रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या कीबोर्डमध्ये, प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा असायचा, 8 सेकंदांत तो संपायचा आणि सूर सोडावाच लागायचा. त्या अडचणीमुळे वादक नाइलाजानं श्वास घेत वाजवायचे. तुम्हीही 8 सेकंदांपुढे कुठलाच सूर धरू नका आणि तुमच्याच गाण्यातली 4 सुरांची एक धून घेऊन पाहा: उलटी करा, निम्म्या लयीत बेसला द्या. व्हायोलिनवाल्याला त्यानंतर बोलवा.